भूतानला जाताना : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात भूतानमधल्या झोंगांवर, म्हणजे तिथल्या मठ आणि सरकारी कचेऱ्या एकाच तटबंदीत नांदवणाऱ्या किल्ल्यांवर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. मी छोटे गट घेऊन भूतानला जाते, तेव्हा उत्तरं त्या अनुभवातून आलेली आहेत. पटली नाहीत तर जरूर कळवा.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. एका सहलीच्या पत्रकात सात रात्रींत पारो, थिम्फू, पुनाखा, फोब्जिखा, बुमथांग आणि ‘हा’ नावाचं खोरं अशी सहा ठिकाणं आहेत. पैसेही फार नाहीत. घ्यावी का?

नका घेऊ. नकाशावर भूतान तळहाताएवढा दिसतो आणि तिथेच फसगत होते. थिम्फूहून पुनाखा जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, पण मध्ये ३,१०० मीटर उंचीची दोचुला खिंड आहे. अडीच-तीन तास धरूनच चालावं. बुमथांगला जायला अख्खा दिवस आणि परत यायला तेवढाच. म्हणजे सातातले दोन दिवस खिडकीतून डोंगर बघण्यात गेले. बुमथांग फार जुनं, फार पवित्र खोरं आहे. जांबे ल्हाखांग आणि कुर्जे ल्हाखांग ही मंदिरं तिथली. पण तिथे जायचं तर तीन रात्री राहायला जायचं. शिवून यायला नाही.

सात रात्री असतील तर माझी मांडणी अशी : पारोच्या विमानतळावर उतरून त्याच दिवशी थिम्फू, तिथे दोन रात्री. मग पुनाखाला दोन, फोब्जिखाला एक आणि शेवटी पारोला दोन. पारो शेवटी ठेवण्याचं कारण तक्त्सांग या कड्यावरच्या मठाची चढण. तोवर शरीर उंचीला रुळलेलं असतं.

थिम्फूत बहुतेक गट पहिल्याच दिवशी ५१ मीटरहून उंच बुद्धमूर्तीपाशी जातात, फोटो काढतात, पुढे निघतात. मूर्ती भव्य आहे, जरूर पाहा. पण एक सकाळ मेमोरियल छोर्तेनसाठी राखून ठेवा. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये हा स्तूप बांधला. न्याहारीच्या आधी, साडेसहा-सातला जा. शहरातली म्हातारी माणसं तिथे जमलेली असतात. हातात माळ, दुसऱ्या हातात छोटं प्रार्थनाचक्र, आणि प्रदक्षिणा चालू. दमली की मोठ्या लाल चक्रांपाशी टेकतात, थर्मासमधला चहा पितात, एकमेकींशी बोलतात, पुन्हा उठतात. काहींचा अख्खा दिवस तिथेच जातो. तुम्हीही चार प्रदक्षिणा घाला, उजवा हात स्तूपाकडे ठेवून, आणि मग कडेला बसा. सांस्कृतिक सहल म्हणतात ती मला तिथे दिसते. आणि तिथे पळत फिरण्याची गरज नसते.

त्याच दिवशी संध्याकाळी ताशिछो झोंग. कामाच्या दिवशी तिथे राजाचं कार्यालय आणि मंत्रालयं चालतात, म्हणून पाहुण्यांना कचेरी सुटल्यावर सोडतात. झेंडा उतरवण्याचा सोहळा त्या सुमारास होतो, तो चुकवू नका.

फोब्जिखाची एक रात्र हिवाळ्यात फार मोलाची. ऑक्टोबरच्या अखेरीपासून काळ्या मानेचे क्रौंच तिथे उतरतात. त्यांच्या उडण्यात अडथळा नको म्हणून खोऱ्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत.

पासपोर्ट नाही. आधार कार्डावर जाता येईल का? आणि रोजचं शुल्क नक्की किती?

आधार चालत नाही, पॅनही नाही. भारतीयांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोनच. लहान मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला. शाश्वत विकास शुल्क भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. इतर बहुतेक देशांच्या पर्यटकांना ते सध्या १०० डॉलर आहे. हे शुल्क राहण्या-जेवणाच्या खर्चावेगळं असतं, तेव्हा सहलवाल्याने सांगितलेल्या आकड्यात ते धरलंय का, हे लेखी विचारून घ्या.

तिथलं चलन न्गुलत्रुम, किंमत रुपयाएवढीच. रुपये तिथे चालतात, पण उरलेले न्गुलत्रुम इथे कुणी घेणार नाही. ते तिथेच खर्चून या. घड्याळ अर्धा तास पुढे करायला विसरू नका.

सविनय जय भीम. आमचं कुटुंब बौद्ध आहे. घरी रोज त्रिशरण-पंचशील होतं. भूतानचे फोटो पाहिले की मुखवटे, उग्र देवता, गुरूंच्या मूर्ती दिसतात. बाबा विचारतात, हा आपलाच धम्म का? तिथे जाऊन आम्ही नेमकं काय करायचं?

जय भीम. बाबांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो मनात घेऊनच जा.

भूतानमध्ये वज्रयान परंपरा आहे. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव तिथे आले अशी श्रद्धा, आणि त्यांना तिथे दुसरा बुद्धच मानतात. पुढे १६१६ मध्ये तिबेटहून झाबद्रुंग न्गावांग नामग्याल आले. विखुरलेली खोरी त्यांनी एका सत्तेखाली आणली आणि द्रुक्पा काग्यू हा संप्रदाय देशाचा झाला. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला दिलेला धम्म विवेकावर आणि समतेवर उभा आहे. भूतानमध्ये गुरूवरची श्रद्धा, मंत्र, विधी यांना मोठं स्थान आहे. हा फरक आहे, तो झाकायचं कारण नाही. ज्या विधीत मन लागत नाही तिथे शांत उभं राहिलं तरी पुरतं. आग्रह करणारं कुणी मला तिथे भेटलेलं नाही.

पण बाबांना आधी पुनाखा झोंगमध्ये न्या. दोन नद्यांच्या, फो छू आणि मो छूच्या, संगमावर १६३७ मध्ये झाबद्रुंग यांनी तो बांधायला घेतला. पहिल्या चौकात बोधिवृक्ष आहे. सगळ्यात आतल्या चौकाशेजारी मोठं सभागृह आहे. तिथे समोर शाक्यमुनी बुद्धांची भव्य मूर्ती, दोन्ही बाजूंना गुरू पद्मसंभव आणि झाबद्रुंग, आणि भिंतींवर बुद्धांचं चरित्र. लुंबिनीतला जन्म, गृहत्याग, मारावरचा विजय, महापरिनिर्वाण. गाईडने तोंड उघडायच्या आधी बाबाच तुम्हाला एकेक प्रसंग सांगायला लागतील.

दुसरी गोष्ट, मंदिरांच्या आणि झोंगांच्या ओसरीत भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचं चित्र, रंगवलेलं असतं. आपल्याकडे अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत आहे तेच. अजिंठ्याचं झिजलंय, इथे ते पूर्ण, ताज्या रंगात वाचता येतं. मधोमध कोंबडा, साप आणि डुक्कर : लोभ, द्वेष, मोह. बाहेरच्या कड्यावर बारा चित्रं, तो प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे एकातून दुसरं कसं उपजतं ती साखळी. आंधळा माणूस म्हणजे अविद्या, तिथून सुरुवात करायची आणि एकेक कडी जोडत जायची. निदान अर्धा तास या एका चित्रासमोर घालवा. बहुतेक गट त्याच्या शेजारून चपला काढून आत जातात, आणि याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

उग्र देवतांविषयी गाईडला मोकळेपणाने विचारा. त्या धर्माच्या रक्षक मानल्या जातात. त्यांचा राग माणसावर नसून अज्ञानावर आणि अहंकारावर असतो, असा तिथला अर्थ आहे.

वंदना म्हणायची असेल तर गाईडकरवी तिथल्या भिक्खूंना विचारा आणि कडेला, येण्याजाण्याची वाट सोडून बसा. आमच्या एका गटातल्या आजींनी पुनाखाच्या त्याच सभागृहात हळू आवाजात बुद्धवंदना म्हटली. देखरेखीला असलेले तरुण भिक्खू येऊन शेजारी बसले आणि संपेपर्यंत उठले नाहीत. मग त्यांनी गाईडला सांगून ‘बुद्धं सरणं गच्छामि’ पुन्हा म्हणायला लावलं आणि आजींच्या मागून स्वतः म्हटलं. ते पाली शिकलेले नव्हते. शरण कोणाला जायचं, एवढं आजींना आणि त्यांना, दोघांनाही पक्कं माहीत होतं.

शक्य असेल तर हिवाळ्यात जा. केंद्रीय भिक्खूसंघ थंडीचे महिने पुनाखाला असतो आणि उन्हाळ्यात थिम्फूला जातो. संघ जिथे असतो तिथे घुमणारा पाठ, लांब कर्ण्यांचे आवाज, धावणारे छोटे श्रामणेर, सगळं वेगळंच असतं.

आम्ही जैन. कांदा-लसूणही नाही. उपाशी राहू का?

शाकाहारासाठी अडचण नाही. एमा दात्शी म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या, केवा दात्शी बटाट्याची, शामू दात्शी अळंब्यांची, सोबत लाल भात. मिरची तिथे भाजी म्हणून खातात, तेव्हा पहिला घास बेताचा घ्या. कांदा-लसूण नको हे मात्र आदल्या दिवशी हॉटेलला कळवावं लागतं, आयत्या वेळी जमत नाही. खाकरा, मेतकूट बरोबर असू द्या.

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात. पण तिला तक्त्सांगला जायचंच आहे. घोड्यावरून जाता येतं असं ऐकलं.

घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच, कॅफेटेरियापर्यंत, आणि फक्त चढताना. उतरताना घोडा नाही. पुढची वाट आणि कठड्यालगतच्या पायऱ्या प्रत्येकाला पायीच. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते, म्हणून घोडा हा आईंच्या अडचणीवरचा अर्धाच उपाय आहे.

वाट कशी आहे ते सांगते, मग तुम्ही ठरवा. गाडी साधारण २,६०० मीटरवर थांबते आणि मठ ३,१२० मीटरवर आहे. सुरुवातीला पाइनचं जंगल, मातीची रुंद वाट. कॅफेटेरियापर्यंत सव्वा ते दीड तास, पुढे तेवढाच वेळ दर्शनस्थळापर्यंत. तिथून मठ समोर हाताशी दिसतो, पण मध्ये खोल घळ आहे. पायऱ्या उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा पायऱ्या चढायच्या. या पायऱ्या सातशेच्या वर आहेत, आणि परतताना त्याच पुन्हा. दारात पिशव्या, मोबाइल, कॅमेरे ठेवून घेतात.

गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून या कड्यावर आले आणि गुहेत ध्यानाला बसले, ही कथा. मठ १६९२ मध्ये बांधला. १९९८ च्या आगीत तो मोठ्या प्रमाणात जळाला, आणि पुन्हा उभारून २००५ मध्ये पूर्ण झाला. एवढ्या उंच कड्यावर हे सगळं दोनदा उभं राहिलं, हे चढताना आईंना सांगा. पायांना बळ येतं.

माझा सल्ला असा. आई घरी रोज तासभर चालत असतील, जिने चढत-उतरत असतील, तर सकाळी सातला निघा, दोन काठ्या घ्या आणि कॅफेटेरियापर्यंत जा. तिथून मठ समोर दिसतो. तिथे बसून चहा घ्या आणि पुढचा निर्णय त्यांना घेऊ द्या. तुम्ही ‘चल गं, थोडंच राहिलंय’ म्हणू नका. आईमाणसं मुलांसाठी दुखणं लपवून चालतात, मी पाहिलं आहे. तिथेच थांबावंसं वाटलं तर तेवढ्यानेही त्यांचं दर्शन झालं.

आणि खाली राहावं लागलं तरी पारोत क्यिचू ल्हाखांग आहे. सातव्या शतकातलं मंदिर, भूतानमधल्या सगळ्यात जुन्या मंदिरांपैकी. अंगण सपाट, संत्र्याची झाडं, गावातल्या बायका चक्रं फिरवत बसलेल्या. एका आईंना मी तिथे सोडून गटाबरोबर वर गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा त्या बायकांनी त्यांना आपल्यात बसवून घेतलं होतं आणि हातात माळ दिली होती.

पुनाखाजवळच्या चिमी ल्हाखांगच्या वाटेवर घरांच्या भिंतींवर लिंगाची चित्रं असतात म्हणे. सासू-सासरे आणि मुलगी बरोबर आहे. ते ठिकाण टाळावं का?

टाळू नका, आधी सांगून ठेवा. पंधराव्या-सोळाव्या शतकातले द्रुक्पा कुनले हे विक्षिप्त साधू. दांभिक धर्ममार्तंडांना धक्के देत, गाणी आणि अचाट वागणं यांतून त्यांनी शिकवण दिली. त्यांच्याशी जोडलेलं हे मंदिर १४९९ मध्ये उभं राहिलं. भिंतींवरची चित्रं वाईट नजर आणि दुष्ट शक्ती दूर राहाव्यात म्हणून असतात, आणि मूल व्हावं म्हणून जोडपी या मंदिरात आशीर्वादाला येतात. आत एखादं जोडपं डोकं टेकून बसलेलं असतं. त्यांच्या समोर कुणी खिदळलं तर मला ते सहन होत नाही. मुलीला एवढंच सांगा की इथल्या लोकांना यात लाज वाटत नाही, श्रद्धा वाटते. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतात. सासऱ्यांना शेतातून जाणारी वाट आवडेल, दोन्ही बाजूंना भात असतो.

पारोचा त्सेचू उत्सव पाहायचा आहे. पण मुलगा म्हणतो, ते नाच आता पर्यटकांसाठीच असतात. खरं आहे का?

नाही. पर्यटक एकही आला नाही तरी त्सेचू असाच होईल.

त्सेचू गुरू पद्मसंभवांच्या सन्मानार्थ, चांद्रमासाच्या दशमीशी जोडलेला. पारोचा मार्च-एप्रिलमध्ये, थिम्फूचा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. तारखा दरवर्षी बदलतात, आधी बघून मगच विमान ठरवा. हॉटेलं त्या दिवसांत भरलेली असतात.

माणसं ठेवणीतले घो आणि किरा, म्हणजे पुरुषांचे आणि बायकांचे पारंपरिक पोशाख, घालून, आज्या-नातवंडांसकट येतात, बांगचुंग नावाच्या विणलेल्या बांबूच्या डब्यांतून जेवण आणतात आणि दिवसभर बसतात. नाच करणारे भिक्खू असतात, काही नाच गृहस्थही करतात. रक्षा मांगछाम हा नाच पाहायलाच हवा. मेलेल्या माणसाचा न्याय होतो. मृत्यूचा अधिपती मधोमध बसलेला, एक पांढरा देव बाजू मांडतो, एक काळा राक्षस आरोप करतो. पुण्याचे पांढरे खडे, पापाचे काळे खडे तोलले जातात. पापी माणसाला काळ्या कापडाच्या वाटेवरून ओढत नेतात, सज्जनाची पाठवणी पांढऱ्या कापडावरून होते. मेल्यानंतर हे सगळं भेटणार आहे, तेव्हा आधीच पाहून ठेवलं तर त्या वेळी घाबरायला होत नाही, असं तिथले लोक मानतात. तेव्हा आजी नातवाला मांडीवर घेऊन हा नाच दाखवते तेव्हा ती त्याला त्या वाटेची ओळख करून देत असते. लाल मुखवट्याचे, लांब नाकाचे आत्सारा मध्येच येऊन लोकांना हसवतात, आणि नाचणाऱ्याच्या मुखवट्याची दोरी सुटली तर तीही तेच बांधतात.

पारोला शेवटच्या दिवशी पहाटे थोंगद्रोल उलगडतात, इमारतीएवढा रेशमी पट. त्याचं दर्शन घेतलं तरी मुक्तीची वाट मोकळी होते ही श्रद्धा. ऊन पडायच्या आत तो पुन्हा गुंडाळतात, म्हणून तीन-साडेतीनला उठावं लागतं. उठा. आणि पूर्ण अर्धा दिवस एका जागी बसा. मैदानात शिरून फोटो काढू नका.

आमच्या मागच्या सहलीत गाईड पाठ केल्यासारखं बोलत होता. यंदा भूतानला गाईड घ्यावाच लागतो म्हणतात. त्याच्याकडून जास्त काही मिळवायचं तर काय करावं?

थिम्फू आणि पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाईड हवाच. मला तर तो पारोतही हवा असतो. तुम्ही मंदिरात शिरताना पाहा : तो घोवर पांढरा काबने, म्हणजे उपरणं, नीट घेतो, तीनदा साष्टांग नमस्कार घालतो, मग बोलायला लागतो. तो स्वतः दर्शनाला आलेला असतो. त्याचे नमस्कार होईपर्यंत आपला गट गप्प राहिला, टोप्या काढल्या, आतल्या गाभाऱ्यात कॅमेरा वर केला नाही, की त्याचं बोलणं बदलतं. भिक्खू ओंजळीत केशराचं पाणी देतात ते आपल्या तीर्थासारखंच घ्यायचं : थोडं पिऊन उरलेलं ओल्या हाताने डोक्यावरून फिरवायचं.

मग सन-सनावळ्या विचारणं थोडं मागे ठेवा. ‘तुमच्या घरच्या देवघरात काय असतं?’ असं विचारा. सकाळी सात वाट्यांत पाणी भरायचं आणि संध्याकाळी त्या रिकाम्या करायच्या, हे काम घरात कोण करतं? लहानपणी टीव्ही कधी पाहिला? (देशात टीव्ही आला १९९९ मध्ये, तेव्हा चाळिशीतल्या गाईडकडे याच्या गोष्टी असतात.) कुठे पूजा चालू दिसली तर ‘थांबू या का?’ असं तुम्हीच म्हणा. वेळापत्रक त्याच्या हातात सहलवाल्याने दिलेलं असतं. ते मोडायची परवानगी गटानेच द्यावी लागते. दुपारचं एखादं ठिकाण गळलं तर गळू द्या.

आणि जेवणाच्या वेळी त्याला आणि ड्रायव्हरदादांना आपल्या टेबलावर बोलवा. बहुतेक हॉटेलांत त्यांचं पान वेगळीकडे मांडतात. पहिल्या दिवशी ते संकोचाने नाही म्हणतील, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.